भाऊबीजेला मी कुठं होते

"मालन रघुनाथ हंकारे म्हणजे तुम्हीच का?"

बँकेतल्या साहेबांनी असं खडसावून विचारलं की मी मांडीवरची पिशवी खाली ठेवून ताठ बसले. त्या नावानं परक्या माणसानं हाक मारून कैक वर्षं झाली होती.

"लग्नाआधीची," मी म्हटलं. "आता सुनेत्रा खटावकर. पॅनकार्ड शाळेच्या दाखल्यावरनं काढलं, म्हणून त्याच्यावर माहेरचं नाव राहिलं."

"नाव कुठलंही असू दे, बाई एकच ना? आणि ही बाई थकबाकीदार आहे." त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. "फ्रीज घेतलाय. त्याच कंपनीकडनं वर रोख कर्ज उचललंय. पाच-सहा हप्ते भरले आणि मग हात झटकले. अशा नावावर आमच्याकडून दमडी निघत नाही."

"साहेब, आमच्याकडं फ्रीज नाही. माठ आहे."

"मग माठ बघून कर्ज देऊ?"

मागच्या रांगेतले दोघं फिस्सकन हसले. माझ्या शेजारी आमचे हे बसले होते, त्यांनी मान खाली घातली. शिंप्याचा धंदा करणारा माणूस, उधार कापडसुद्धा कधी आणलं नाही. त्यांना ते हसू सुईसारखं टोचलं असणार.

आमची निकड मोठी होती. विट्याच्या बाजारपेठेत माझं मिरची कांडप होतं. भाड्याच्या गाळ्यात दोन यंत्रं, उन्हाळ्यात दारापुढं बायकांची रांग आणि दिवसभर शिंका. गाळामालक गुंडाशेठ गाळा विकायला निघाले होते. "पहिला मान तुमचा, सुनेत्राबाई," म्हणाले होते, "पण गुढीपाडव्यापर्यंतच. त्यानंतर मोबाईलवाला तयार बसलाय." गाळा गेला तर यंत्रं कुठं नेणार? मिरचीच्या खकाण्याला कोण जागा देतं? आमच्या घरातली चूल निम्मी त्या गाळ्यावर पेटत होती.

"पत्ता काय आहे बघा त्या कर्जावर," हे म्हणाले.

साहेबांनी वाचलं. "शिंपी गल्ली, बोरगाव."

शिंपी गल्लीत माझं माहेर. तिथं माझा धाकटा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, आणि त्याची बायको शैला राहायची. तिथल्या सरकारी कचेरीसमोर दिगूचं झेरॉक्सचं आणि कागदपत्रं काढून द्यायचं दुकान. माझं पॅनकार्ड त्यानंच काढून दिलं होतं. फोटोच्या जास्तीच्या प्रती आणि सगळ्या झेरॉक्स "राहू दे ताई, कधी लागतील" म्हणून स्वतःजवळ ठेवल्या होत्या. लागल्या.

कर्ज देणाऱ्या कंपनीची कचेरी बँकेच्या पुढच्याच चौकात होती. तिथं शिंत्रे नावाचा तरुण तपासनीस होता. इस्त्रीचा शर्ट, आवाजात जराही ओल नाही. त्यानं अर्ज काढून दाखवला. फोटो माझा. सही हुबेहूब माझ्यासारखी.

"मोबाईल नंबर माझा नाही," मी म्हटलं. "भावाचा आहे."

"बायका नवऱ्याचा देतात, भावाचा देतात. त्याला काय अर्थ नाही. आमचा माणूस कर्ज देण्याआधी घरी जाऊन आला होता, बाई. शेजाऱ्यांनी सांगितलंय, मालन इथंच आहे. तानाबाई म्हणून कुणी आजी आहेत."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"गेल्याच्या गेल्या दिवाळीत," शिंत्रे म्हणाला. "भाऊबीजेचा दिवस होता, अर्जावरची सहीही त्याच दिवशीची. त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. खरं बोलणारा माणूस, विचारलं की सांगतो. "माहेरी होती. भाऊबीजेला दर वर्षी जाते. दोन दिवस राहते."

"झालं तर मग." शिंत्रेनं अर्ज मिटला. "माणूस घरात होता, शेजाऱ्यांनी ओळखलं, नवरा सांगतोय. आता भावाबहिणीचं फाटलं म्हणून कंपनीवर ढकलू नका."

"आम्ही पैसे भरून टाकले तर?" यांनी विचारलं.

"भरा की. पण नावावरचा डाग लगेच निघत नाही. काही वर्षं बँक दारात उभं करणार नाही. फसवणूक झाली म्हणत असाल तर मी पुन्हा गल्लीत येतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो आणि तुम्ही भावाविरुद्ध पोलिसात तक्रार द्यायची. भावाचं नाव घालून. जमतंय का बघा. बहुतेक बायकांना जमत नाही."

रस्त्यावर आल्यावर यांनी विचारलं, "तू गप्प का बसलीस? सही केलीस काय तू?"

"नाही."

"मग बोलायचं नाही तिथं?"

"काय बोलू? तुम्हीच बोलला की सगळं."

असं तिरकं मी यांच्याशी कधी बोलत नव्हते. हे थबकले, माझ्याकडं बघितलं आणि पुढं चालू लागले. घरी पोचेपर्यंत आमच्यात पाच पावलांचं अंतर होतं.

रविवारी सकाळी आम्ही एसटीनं बोरगावला गेलो. जबाब घ्यायला या असं शिंत्रेला कळवलं होतं, तो मोटारसायकलवर आधीच येऊन उभा होता. दिगू सोप्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होता. आम्हाला बघून उठला नाही. शैला उंबऱ्यात आली, पदर खोचून.

"या साहेब, आत या," ती शिंत्रेला म्हणाली. आमच्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, पोलीस कुठं ठेवलासा? का मागनं येत्यात?"

उंबऱ्याबाहेरूनच मला तो फ्रीज दिसला. लाल रंगाचा, दोन दारांचा, डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलदाणी. माझ्या नावावरची वस्तू मी पहिल्यांदा बघत होते. रंग चांगला निवडला होता माझ्या नावानं.

"फ्रीज कुणाचा?" शिंत्रेनं विचारलं.

"हिनंच घेऊन दिलाय," दिगू आरामात म्हणाला. "भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो, आमच्याकडं उलटं झालं. बहिणीनं आम्हाला फ्रीज दिला. सही हिनंच केली, ह्या सोप्यात बसून. रोख पैसे पण हिनंच नेले. आता नवऱ्याला गाळा घ्यायचाय, तर म्हणते मी नव्हेच."

"दिगू, मी तुझ्या सोप्यात बसले होते?"

"मग कुठं होतीस ताई?" तो हसला. लहानपणी माझी पेन्सिल मुठीत लपवून असाच हसायचा. "सांग की. दाजी पण हाईत, त्यांनाही कळू दे. भाऊबीजेला कुठं होतीस?"

हे माझ्याकडं बघत होते. शिंत्रे बघत होता. एव्हाना गल्ली जमा झाली होती. धुणं तसंच ठेवून बायका आल्या होत्या, दाढीचा फेस पुसत एक जण आला होता.

"एका फ्रीजसाठी पाठच्या भावाला कोर्टात वढायचं?" कुणीतरी म्हणालं.

"बापाच्या जमिनीच्या हक्कसोडीला सही केली तवा किती गरीब गाईवानी हुती. आता बघा."

"गाळ्याचा वारा लागलाय. विट्याचं पाणी."

शैलाला चेव आला. "आईबापामागं ह्यांनी दिवाळी चुकवली न्हाई हिची. दर वर्साला साडी, चोळी. आनि हिनं काय आनलं? पोलीस!"

साडी शब्द ऐकून मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर वळवली नाही. एवढं धडधडीत खोटं बोलताना पापणी न हलणं ही सुद्धा एक विद्याच आहे.

"तानाबाई कोण?" शिंत्रेनं हाक दिली.

गल्लीच्या टोकाच्या घरातून तानाक्का आली. सत्तरीची, काटक, कपाळावर गोंदण, हाताला पीठ. रक्ताच्या नात्यातली नव्हे, माझ्या आईची मैत्रीण. आई गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ तानाक्कानंच घातली होती.

"आजी, मागं आमचा माणूस आला होता, तेव्हा मालन इथंच आहे असं तुम्हीच सांगितलं?"

"व्हय. मीच."

"म्हणजे त्या भाऊबीजेला ती इथं होती?"

"हुती. दोन दिस हुती."

"झालं की साहेब!" दिगूनं टाळी वाजवली. "हिचीच माणसं सांगत्यात. लिहा आता."

"ह्या घरात होती ना?" शिंत्रेनं दिगूच्या दाराकडं पेन रोखलं.

तानाक्कानं माझ्याकडं बघितलं. तिच्या पिठाच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली.

"ते मी सांगायची न्हाई."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"जिला दिलाय तिला."

"म्हातारीचं काय घेऊन बसलाय साहेब," दिगू घाईनं म्हणाला. "इथंच होती म्हणाली ना ती? मग झालं."

शिंत्रेनं खांदे उडवले. पेनाला टोपण लावलं. "एवढ्यावर माझं काम संपतं, बाई. शेजाऱ्यांनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं." तो मोटारसायकलकडं वळला.

मोबाईलवाला माझ्या गाळ्यात काचेची कपाटं बसवताना मला दिसला. यंत्रं भंगाराच्या गाड्यावर दिसली. त्यापेक्षाही हे दिसले, बँकेतल्यासारखी मान खाली घातलेले, आयुष्यभर.

"आक्का," मी म्हटलं. "सांगा."

"नगो बाई."

"सांगा म्हणते ना. दिलेला शब्द मी परत घेतला."

"जावई हाईत हितं."

"असू देत."

दिगू खुर्चीतून उठला. "ए आक्के, आमच्या घरातल्या भानगडीत तू..."

"तू बस खाली!" तानाक्का अशी कडाडली की तो खरंच बसला. मग ती शिंत्रेकडं वळली, पण बोलली सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "माझ्या घरात हुती. चार दिवाळ्या झाल्या, ही माझ्याच घरात ऱ्हाती. हक्कसोडीवर सही केली आनि पहिल्या भाऊबीजेला ही आली. ताटात निरांजन, करदोडा, सगळं घिऊन. ही शैला दारात उभी. म्हनती कशी, 'वन्सं, हक्क सोडलासा न्हवं? मग हक्कानं कशाला येतासा?' आनि दार लावलं. ह्यो आतच हुता. बाहीर आला न्हाई."

"शेवटची एस्टी गेलेली. कट्ट्यावर बसून हुती पोर. मी आत घेतलं. म्हनली, 'आक्का, सासरी कळू देऊ नका. माहेर तुटलेल्या बाईला कोन इचारतंय.' तवापास्नं दर दिवाळीला येती, मागल्या दारानं माझ्याकडं, आनि दोन दिसांनी जाती."

"पण मग आमच्या माणसाला तुम्ही 'ती इथंच आहे' असं का सांगितलं?" शिंत्रेनं विचारलं.

"मला काय ठावं तुमचा मानूस! अनोळखी बाप्या आला, 'मालन हितं ऱ्हाती का' म्हनला. मला वाटलं सासरकडनं कुनी तपास करायला आलंय. न्हाई म्हनलं असतं तर हिची अब्रू गेली असती. म्हनून म्हनलं, हितंच हाय बाबा, भावाकडं आलीया, देवळात गेलीया. तवा ही माझ्या चुलीम्होरं करंज्या लाटत हुती. दोन दिस माझ्या उंबऱ्याबाहीर पाऊल टाकलं न्हाई. सही कराय कवा जाती?"

इतका वेळ मी यांच्याकडं बघितलं नव्हतं. तेव्हाही बघितलं नाही.

शिंत्रेनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "आजी, हे लिहून घेतो. अंगठा द्याल?"

"दोन्ही घे."

दिगूचा आवाज चढला. "एवढं काय आकाश कोसळलं? नावच वापरलं ना! ते काय झिजलं का? मी भरणारच होतो हप्ते, दुकान बसलं म्हणून राहिले. सख्ख्या भावानं बहिणीचं नाव घेतलं तर चोरी होती व्हय?"

शैलानं त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण उशिरा. शिंत्रे शब्द न् शब्द उतरवून घेत होता. त्याच्या त्या कोरड्या आवाजाचा मला पहिल्यांदाच आधार वाटला.

"ताई," आता दिगूचा सूर बदलला, "तक्रार देऊ नको. दुकानाचा परवाना जाईल माझा. एका गाळ्यासाठी माहेर विकतीस?"

"माहेर मी तुला सहीनिशी दिलं होतं, दिगू. फुकट. वर तुला पेढे पण भरवले होते. नाव दिलं नव्हतं."

"मग मेलीस तू आम्हाला!"

"बरं झालं. मेलेल्या बाईच्या नावावर हप्ते येत नाहीत. तूच भर आता."

शैला पुढं झाली आणि तिनं माझ्या तोंडापुढं हात नाचवला. "ह्या दारात परत पाय ठेवायचा न्हाई, सांगून ठेवते!"

"अगं बये," तानाक्का म्हणाली, "चार वर्सांत तिला ठिवू कवा दिलास?"

दाढीचा फेस पुसत आलेला तो माणूस खो खो हसला. मग एक बाई हसली. बाकीच्यांना आपापली धुणी आठवली. गल्ली पांगली आणि दिगूचं दार आतून कडी घालून बंद झालं.

दुपारी मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या हवालदारानंही विचारलं, "बाई, सख्खा भाऊ हाय, इचार केलाय का?" मी म्हटलं, "त्यानं केला असता तर मला करावा लागला नसता." मग भावाचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली.

पुढचं थोडक्यात सांगते. तक्रार गेल्यावर दिगूनं शेत गहाण टाकून रोख कर्ज फेडलं. त्या शेतात माझाही वाटा होता कधीकाळी. फ्रीजचे हप्ते राहिले ते राहिलेच, म्हणून तो कंपनीच्या टेम्पोतून गेला. माझं नाव स्वच्छ व्हायला पाडवा उलटून गेला. गुंडाशेठनी तेवढ्यात भाव वाढवला, पण थांबले. गाळा झाला. आता तिथं पाच यंत्रं आहेत. दिगू आणि मी एकमेकांशी बोलत नाही. नात्यातल्या लग्नांत समोरासमोर पंगतीत बसतो, तेव्हा तो पानाकडं बघून जेवतो आणि मीही.

पण त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलंच. पोलीस ठाण्यातून आम्ही तानाक्काच्या घरी आलो, कारण जावई पहिल्यांदाच आलाय, चहाशिवाय जायचं नाही असा तिचा हुकूम होता. हे सकाळपासून माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. कट्ट्यावर बसले. तानाक्कानं कपबशी त्यांच्या हातात दिली. यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि प्यायलेच नाहीत.

"आक्का," ते म्हणाले. मला नाही, तिला. "चार दिवाळ्या ही तुमच्याकडं राहिली. भावानं दार उघडलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग दर वर्षी ही नवी साडी नेसून येते, भावानं घेतली म्हणून सांगते, ती कुठली?"

तानाक्कानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"ते मला इचारू नगा जावईबापू," ती म्हणाली. "त्येवढं सांग म्हनून तिनं अजून सांगितल्यालं न्हाई."

कट्ट्यावर माशी घोंगावत होती. दिगूच्या बंद दाराआड भांडी आपटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "मीच घेत होते. येताना स्टँडजवळच्या दुकानातनं. कांडपाच्या पैशातनं बाजूला ठेवून."

यांनी बशी तोंडाला लावली, सगळा चहा एका दमात संपवला आणि मिशा पुसल्या.

"तरीच," ते म्हणाले. "इतके चांगले रंग तुझ्या भावजयीला कसे सुचतात, याचं मला चार वर्षं कोडं पडलं होतं."